परतीचा रकाना

आमच्या बुलढाण्यात पहाटे धावणारी माणसं दोन प्रकारची. एक, डॉक्टरने सांगितलं म्हणून धावणारी. ती तळ्याच्या काठाने धावतात आणि धावण्यापेक्षा बोलतात जास्त. दुसरी भरतीसाठी धावणारी. ती राजूर घाटाच्या तोंडाशी भेटतात आणि मुळीच बोलत नाहीत, कारण त्यांना दम पुरवून वापरायचा असतो. या दुसऱ्यांचं रजिस्टर मी ठेवतो.

मी स्वतः धावत नाही. वनखात्याच्या कचेरीत एकतीस वर्षं कारकुनी केली, तेवढ्यात वाघाची शेपूटसुद्धा पाहिली नाही. ठशांचे कागद मात्र हजारो फाइल केले. निवृत्तीनंतर हाताला चाळा हवा म्हणून एक स्टॉपवॉच घेतलं, ते बंद पडलं तर असावं म्हणून खिशात दुसरंही, आणि पोरं मला आपोआप मार्तंडकाका म्हणू लागली.

रस्ता असा. मैलाच्या दगडापासून डावीकडे एक जुना गाडरस्ता सागाच्या जंगलात शिरतो. दीड किलोमीटर चढ, वर वनखात्याचा सिमेंटचा पाणवठा, तिथून परत. एकूण तीन किलोमीटर. पाणवठ्याला वळसा घातला की नाही हे खाली उभं राहून कळत नाही, आणि कुशल नावाच्या आमच्या एका रत्नाने याचा पुरेपूर फायदा घेतला. हा पोरगा फोटोपुरता धावतो. पहिल्या वर्षी त्याची वेळ इतकी सुंदर यायची की मला संशय आला. वर जाऊन पाहिलं तर साहेब अर्ध्या वाटेत पळसाच्या बुंध्याला टेकून मोबाइल पाहत बसलेले.

तेव्हापासून मी पाणवठ्यापाशी बारा फूट लांब, चार फूट रुंद असा चाळलेल्या मातीचा पट्टा केला. पलीकडच्या टोकाला एक खांब. संध्याकाळी फळीने माती सपाट करायची, सकाळी सगळे धावून आले की वर जाऊन ठसे वाचायचे. जंगलातले गार्ड जनावरांसाठी करतात तेच मी पोरांसाठी केलं. रजिस्टरला दोन रकाने वाढले. जातानाचा ठसा आणि परतीचा ठसा. दोन्ही असतील तरच वेळ धरायची.

दोन वर्षांपूर्वी डिसेंबरात पाच जण धावत होते. त्यांतली पायल इंगळे सोडली तर बाकीच्यांचं काही अडलेलं नव्हतं. पायलची वनरक्षकाची ही शेवटची भरती, पुढच्या वर्षी वय निघून जाणार. तिची आई पुष्पाबाई शाळेत खिचडी शिजवते. तिने सरळ सांगून टाकलं होतं, "याच्यात निघाली तर निघाली, नाई तर धामणगाव बढ्याचं स्थळ पक्कं." स्थळ चांगलं होतं, मी चौकशी केली होती. पण ते नाव ऐकलं की पायल बुटाची नाडी आणखी घट्ट आवळायची. माझ्या हिशेबाने या चढावर ती चौदा मिनिटांच्या आत आली तर सपाट मैदानावर तिचं काम होणार होतं. तिची वेळ चौदा एक्केचाळीसला अडकली होती. महिनाभर एक सेकंद हलला नाही.

अकरा डिसेंबरला मी पट्टा वाचायला वर गेलो. पाच जण गेले होते आणि ठसे सहा जणांचे होते.

सहावा अनवाणी.

खाली येऊन सांगितलं तर कुशल म्हणाला, "काका, अस्वल असन. त्याचा मागचा पाय माणसासारखाच उमटते."

"अस्वलाचा अंगठा बाहेरच्या बाजूले असते बे," मी म्हणालो. "याचा आत आहे. अन् नखं नाईत."

"मंग अस्वलीण असन," कुशल म्हणाला, आणि सगळे हसले. पायल हसली नाही. त्या दिवशी तिची वेळ चौदा एकोणतीस होती.

दुसऱ्या दिवशी मी काच आणि पातळ कागद घेऊन गेलो. ठशावर काच ठेवून दोन्ही पाय कागदावर उतरवले. लांबी साडेतेवीस सेंटिमीटर. उजव्या पायाला पाच बोटं. डाव्याला चार, करंगळीच्या जागी माती नुसती चपटी दबलेली. हा कागद मी रजिस्टरात चिकटवला आणि समोर लिहिलं, 'अनोळखी'. कुणी मेंढपाळ असेल, देऊळघाटकडची एखादी मोळीवाली असेल, अशी मी स्वतःची समजूत घातली. पण दोन गोष्टी त्या समजुतीत बसेनात. पायलच्या बुटाचा ठसा दर वेळी त्या अनवाणी टाचेवर पडलेला होता, म्हणजे जो कोणी होता तो तिच्या पुढे होता, आणि फार पुढे नव्हता. आणि ते पाय खांबाशी वळत नव्हते. खांबाच्या पुढे कातळ आहे, त्यावर काही उमटत नाही. पाय जात होते. परत येत नव्हते.

ठसा असला की पायलची वेळ कमी. ठसा नसला की वेळ जिथल्या तिथे. मी तिला बाजूला घेतलं.

"कोण धावते तुह्या पुढं?"

तिने आधी बुटाकडे पाहिलं. मग म्हणाली, "दिसत नाई काका. पाय ऐकू येतात. मी हळू झाली का ते हळू होते. मी थांबली का ते बी थांबते, वाट पाह्यते."

"भेव नाई लागत?"

"पयल्या दिवशी लागलं. मंग नाई." नाडी चाचपत म्हणाली, "एक पाय जोरात पडते, एक हळू. दुखल्यावानी. तरी थांबत नाई. मले लाज वाटते, मंग मी बी थांबत नाई."

एकतीस वर्षांत मी अंदाजाने एकही नोंद केलेली नाही. नऊ जानेवारीला मी साडेपाचलाच वर जाऊन पाणवठ्याच्या कठड्यावर बसलो. खाली स्टॉपवॉच कुशलकडे दिलं होतं. थंडी अशी की बोटं रजिस्टरला चिकटत होती. उजाडत आलं तसा मातीचा पट्टा राखाडी दिसू लागला. कोरा, एक ओरखडा नाही. सातभाई पक्ष्यांची झुंबड झुडपात कलकलत होती.

ती एकदम गप्प झाली.

खालच्या वळणावर पाय वाजले. एक जोरात, एक हळू. त्यांच्या मागे बूट.

मला वास आला. जळलेल्या गवताचा. जानेवारीत आमच्याकडे वणवा नसतो, गवतावर दव होतं.

रस्त्यावर कोणी नव्हतं.

पट्ट्याच्या अलीकडच्या टोकाला माती दबली. आधी टाच, मग चवडा, मग चार बोटं. कडेचे कण आत घरंगळताना मी पाहिले.

पुढे उजवा. मग डावा. माझ्या गुडघ्यापासून हातभर अंतरावरून एक धाप गेली, गरम.

खांबाशी दोन्ही पाय जोडून उमटले. क्षणभर थांबले. चवडे रुतले, कोणी मागे वळून पाहावं तसे जरा फिरले.

मग पायल वळणावर दिसली आणि ते पाय कातळावर निघून गेले.

मी घाबरायला हवं होतं. मी उभा राहिलो. का ते सांगता येत नाही. साहेब केबिनमध्ये आले की आम्ही उभे राहायचो, तसा नव्हे. मेलेलं वाटणारं झाड पालवलेलं दिसलं की माणूस रस्त्यात उभा राहतो, तसा.

पायल खांबाला वळसा घालून माझ्यासमोरून गेली. मी तिला दिसलोसुद्धा नाही. खाली आलो तेव्हा कुशल स्टॉपवॉच माझ्या डोळ्यांपुढे नाचवत होता. तेरा बावन्न.

त्या भरतीत पायल निघाली. पोस्टिंग मेळघाटात मिळालं. पुष्पाबाईंनी पेढा दिला, वर म्हणाल्या, "भाऊ, तुमच्या त्या मातीनं केलं." अनवाणी ठसे पायल गेली त्या दिवसापासून बंद झाले. एकूण सतरा दिवसांच्या नोंदी. सतराही ठिकाणी जातानाच्या रकान्यात खूण, परतीचा रकाना कोरा.

परवा ती आली. या वर्षीचा एप्रिल, दुपारचे चार. खाकी वर्दी, पाठीवर सॅक, पायात चप्पल. अंगणातल्या नळावर पाय धुतले आणि घरात आली.

"रजा?" मी विचारलं.

"हाव. मेडिकल. वणवा विझवायले गेलतो आम्ही. जळका ओंडका पडला पायावर. आता बरी आहे." मग हसून म्हणाली, "बूट चावते काका. आता बिनबुटाचीच धावते. सायब म्हणतात, काऊन धावतं? म्हटलं, सवय."

मी फरशीकडे पाहत होतो. दारापासून खुर्चीपर्यंत ओले पाय उमटले होते. उजव्याला पाच बोटं. डाव्याला चार.

मी कपाटातून रजिस्टर काढून तिच्यापुढे ठेवलं. तिने पानं उलटली. चिकटवलेल्या कागदापाशी थांबली. मग रजिस्टर खाली फरशीवर ठेवलं आणि त्या रेषांवर आपला डावा पाय हळूच टेकवला. कुठेही रेघ बाहेर राहिली नाही.

"रजा किती दिवसांची?" मी विचारलं.

"सतरा."

तिने पाय उचलला. कागदावर ओल राहिली. "संध्याकाळी माती सपाट करून ठेवान?"

"नको जाऊ पायल." मी रकान्यावर बोट ठेवलं. "हे पाह्य. परत आल्याचं एक बी नाई."

तिने पाहिलं. वनरक्षक झाली होती, ठशांचा अर्थ तिला माझ्यापेक्षा चांगला कळत होता. "नाई गेली," ती म्हणाली, "तर त्या पोरीले कोण पळवन काका? चौदा एक्केचाळीसलेच राह्यन नं ते."

मी त्या संध्याकाळी फळी घेऊन वर गेलो. बारा फूट माती सपाट केली. मग कधी केलं नव्हतं ते केलं. खांबाच्या पलीकडे कातळावर आणखी दोन घमेली माती आणून पसरली, परत येताना कुठेतरी उमटावं म्हणून.

काल पहाटे मैलाच्या दगडापाशी आम्ही दोघंच होतो. तिने चप्पल काढून माझ्या पायाशी ठेवली. "चप्पल पाह्यजा," म्हणाली, आणि निघाली. मी स्टॉपवॉच दाबलं. एक पाय जोरात, एक हळू. सागाच्या पहिल्या वळणावर ती दिसेनाशी झाली. मी नाव लिहायला पेन काढलं.

तेवढ्यात माझ्या मागून, कोणी नाडी घट्ट आवळून उठावं तसा आवाज झाला, आणि न दिसणारे बुटातले पाय माझ्या शेजारून त्या वळणाकडे धावत गेले.

माझ्या हातांनी, मला न विचारता, खिशातलं दुसरं घड्याळ सुरू केलं.