पेजेचा तळवा

तिरुवैयारुला माझं माहेर. घरामागे कालवा, कालव्यापलीकडे नारळीची बाग, आणि बागेच्या टोकाला इलुप्पैचं, म्हणजे मोहाच्या जुन्या झाडांचं, लहानसं बन. आमच्या घरात मूल जन्मलं की त्याचा तळवा तांदळाच्या पेजेत बुडवून थोरल्या झाडाला टेकवतात. तंजावरच्या इतर मराठी घरांत ही रीत मी ऐकली नाही. माझा तळवा आजीनं टेकवला होता. माझ्या हरिताचा गेल्या पावसाळ्यात अम्मानं टेकवला.

मी कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवते. दगडफूल माझा विषय. मसाल्यात घालतो त्या कल्पासीचंच भावंड, पण या झाडावरचं फिकट हिरवं आणि कडेला रुपेरी. पापनाशमपर्यंत नदीकाठ धुंडाळला, दुसरीकडे कुठंच नाही. जगात फक्त आमच्या झाडावर. वर्गात हे सांगताना माझा आवाज चढतो, मुली हसतात. हसू देत.

कालव्याकाठचा रस्ता रुंद करायचं ठरलं आणि बनातल्या झाडांवर पांढरे पट्टे आले. पाहणी समितीतले राजगोपाल म्हणाले, दगडफूल जिवंत आहे आणि दुर्मीळ आहे हे नमुन्यावरून सिद्ध झालं, तर तोड थांबेल.

त्या सकाळी राजगोपालांसह आम्ही सगळेच बनात गेलो. हरिता अम्माच्या कडेवर. ओल्या सालीचा, थंड राखेसारखा वास येत होता. नमुन्याला उघडा हात लावायचा नाही हे मीच विद्यार्थ्यांना शिकवते, म्हणून इतकी वर्षं लावला नव्हता. त्या दिवशी तोल सावरायला हात टेकला, तो थोरल्या झाडावरच्या दगडफुलाच्या एका ठिपक्यावर.

तंतोतंत बसला. पाचही बोटं. अंगठ्यावरचा विळीचा व्रणसुद्धा.

दगडफूल वर्षाला जेमतेम मिलिमीटरभर सरकतं. पेजेवर ते रुजलं असेल, हे पटतं. एवढं वाढणं पटत नाही.

अम्मा शांतपणे म्हणाली, "इतकी शिकलीस गे, आपला हात ओळखता येईना? तुझ्याबरोबरच वाढला तो."

वर एक तळवा वाळून पांढरा झाला होता. कुणाचा, ते मी विचारलं नाही. आजी जाऊन फार दिवस झाले नव्हते.

खाली, गुडघ्याच्या उंचीवर, एक इवलासा. हिरवागार.

राजगोपालांनी नेमका तोच दाखवला. "हा घ्या, मॅडम. सगळ्यांत ताजा."

"त्याला हात लावायचा नाही."

कारण विचारल्यावर मी कोवळ्या वाढीबद्दल काहीतरी शास्त्रीय सांगितलं. ते हसले. म्हणाले, अगदी आईसारखं बोलता.

मी पातं काढलं आणि झाडावरच्या माझ्या तळव्यातलं करंगळीचं टोक कापून घेतलं. नखाएवढं. दुखलं नाही. अम्मानं हरिताचं तोंड खांद्याशी फिरवून घेतलं.

संध्याकाळी हरिताला न्हाऊ घालताना पाण्याचा ऊनपणा बघितला. चार बोटांना कळला.

डॉक्टर म्हणाले, मूल उचलून नस दबली असेल. असेलही.

बन वाचलं. झाडांवरचे पट्टे खरवडून काढले, रस्ता आता बागेला वळसा घालून जाणार. अम्मानं साऱ्या गल्लीत केसरी, आपला केशरी शिरा, वाटली. कालव्यावरून जाणारे लोक मोपेड थांबवून विचारतात, ते झाड कुठलं. मी हरिताला कडेवर घेऊन स्वतः दाखवायला जाते. आमचं झाड, म्हणते. तिचा तळवा आता थोडा मोठा झालाय. दोन्हीकडचा.

काल राजगोपाल आले. जरा संकोचून म्हणाले, बन राखीव ठेवायचं तर दरवर्षी एक ताजा नमुना लागेल.

मी लगेच होकार दिला.

हरिता माझी तर्जनी मुठीत धरल्याशिवाय झोपत नाही. आत्ताही तिनं धरली आहे, मी डाव्या हातानं लिहितेय.

ते बोट मी शेवटी देणार आहे.