चार नंबरची गादी

गादी आणायला ओरिनबरोबर मीच गेलो होतो, म्हणून सांगतो. नुसतं ऐकीव असतं तर तोंड उघडलं नसतं.

गेल्या वर्षीचा ईस्टर. गुड फ्रायडेच्या आदला गुरुवार. सकाळीच ओरिन माझ्या दारात उभा. "अल्स्टनकाका, व्हॅन मोकळी आहे ना? स्कारबरोच्या बाजारातून एक गादी आणायचीय."

"परत? गेल्याच महिन्यात आणली होतीस की."

"तीही गेली."

हसू नकोस, कदीम. तेव्हाही सगळे असेच दात काढत होते. मिस युलिनचं गेस्ट हाउस, म्हणजे ओरिनच्या आईचं, पाहुण्यांच्या खोल्या मोजून चार. त्यातल्या चार नंबरमध्ये जो झोपेल त्याची गादी सकाळी ओली. किनाऱ्यावरून रापणीचं जाळं ओढायला जमलं की पोरं ओरिनला छेडायची, "काय रे, तुमच्याकडचे पाहुणे घोड्याएवढे झाले तरी अंथरूण भिजवतात म्हणे?" तो हसायचा नाही, चिडायचाही नाही. दोर ओढत राहायचा.

आधी वाटलं, छप्पर गळतंय. पत्रे काढून बघितले. पण मार्च महिना, थेंब नाही पावसाचा. शिवाय ओल खिडकीकडच्या अर्ध्या भागातच, माणूस कुशीवर झोपला तर जेवढी जागा लागेल तेवढीच. पोर्ट ऑफ स्पेनची एक नर्स आली होती, ती दुसऱ्या दिवशी बॅग घेऊन निघाली. म्हणाली, "कुणीतरी पोहून येऊन माझ्या शेजारी झोपलं होतं." ओरिनने गादीवर बोट टेकून जिभेला लावलं. खारट.

ती खोली डेल्विनची. ओरिनचा थोरला भाऊ. लहानपणी दोघं तिथेच एका पलंगावर झोपायचे.

डेल्विनचं तुम्हाला माहीत आहे. त्या ईस्टरच्या आदल्या ऑगस्टमध्ये गेला. दोघं भाऊ रोज एकाच होडीतून जायचे. त्या दिवशी ओरिनला ताप होता, म्हणून डेल्विन एकटा गेला. तिसऱ्या दिवशी होडी सापडली. मशीन ठीक, जेवणाचा डबा जसाच्या तसा. माणूस नाही. पाण्यात पडला असणार, आणि वर ओढून घ्यायला दुसरं कुणी नव्हतं.

मिस युलिन रडली नाही. गेलेल्या माणसासाठी रात्रभर गाणी म्हणतात, ते जागरणही घालू दिलं नाही तिने. "माणूस समोर नसताना कुणासाठी गाणी म्हणायची?" म्हणाली. आणि ओरिन... काय सांगू. वाढलं तर जेवायचा. विचारलं तर बोलायचा. होडीत मात्र परत बसला नाही. नाताळनंतर आईच म्हणाली, ती खोली पाहुण्यांना दे, बंद ठेवून काय करायचंय. त्याने दिली.

तर गादी घेऊन येताना गाडीत मला म्हणाला, "आज मीच झोपतो तिथे. शनिवारपासून सगळ्या खोल्या भरल्यात, बकऱ्यांच्या शर्यतीसाठी येतायत लोक."

"एकटा? भीती नाही वाटत?"

त्याने विचार केला. खरंच विचार केला, बराच वेळ. मग म्हणाला, "काका, मला ऑगस्टपासून काहीच वाटत नाही."

मी रेडिओ लावला. 

आता पुढचं त्याने मला दुसऱ्या दिवशी सांगितलं, तसं सांगतो.

आई लवकर झोपली. बाकीच्या तिन्ही खोल्या रिकाम्या. त्याने दाराला आतून कडी घातली, खिडकी लावली. नव्या गादीवरचं प्लास्टिक काढलं नाही, ओल आलीच तर आत मुरू नये म्हणून. वर चादर टाकली आणि दाराकडे तोंड करून आडवा झाला. फोन बघितला. दहा वाजून दहा मिनिटं.

बाहेर नळ सुरू झाला.

पायऱ्यांजवळचा. किनाऱ्यावरून येणारा जिथे पायाची वाळू धुतो, तो. त्याला वाटलं, आई असेल. पण पलीकडच्या खोलीत आई घोरत होती. त्याला ऐकू येत होतं.

पाणी पडत राहिलं. आधी एक पाय. मग दुसरा. त्याला कळत होतं. मग नळ बंद झाला.

व्हरांड्यात पावलं. ओली.

दारापाशी थांबली.

कडी हलली नाही. दार उघडलं नाही. मग त्याच्या पाठीमागे... प्लास्टिक चुरचुरलं. गादी खाली दबली.

"सरक जरा."

तो सरकला.

मी विचारलं, "अरे, ओरडला नाहीस? उठून पळाला नाहीस?" म्हणाला, "नाही काका. रोज म्हणायचा तसं म्हणाला. मी सरकलो."

पाठीला पाठ लागली. गार. बर्फातला मासा असतो ना, तशी गार नाही. खोल पाण्यातल्या दगडासारखी.

"आई झोपली?"

"हो."

"जेवली?"

"हो."

 लाटेचा आवाज तेवढा. मागे श्वास नव्हता. तो कान देऊन ऐकत होता. श्वास नव्हताच.

"तुझा ताप उतरला?"

...

शर्निस, तो दिवा जरा जवळ आण. हं.

ओरिन म्हणाला, "ताप नव्हता, डेल्विन."

...

"ताप नव्हता. नुसता कंटाळा आला होता उठायचा."

...

 पाठ तशीच. तो वाट बघत राहिला. शिवी देईल. लाथ घालेल. उठून जाईल. काहीच नाही. वळून बघावं, असं त्याला वाटलं. पण वळला नाही... आणि कधीतरी झोप लागली. आठ महिन्यांत पहिल्यांदा सलग झोपला, असं म्हणाला मला.

सकाळी उठला तर कडी आतून तशीच. चादर कोरडी, गादी कोरडी. खिडकीकडची बाजूसुद्धा कोरडी.

तो तसाच स्वयंपाकघरात गेला. मिस युलिन भाकरी भाजत होती. तिच्या पाठीकडे बघत त्याने सांगितलं, "आई, त्या दिवशी मला ताप नव्हता."

तिने भाकरी उलटली. दुसरी बाजू भाजली. मग म्हणाली, "ठाऊक आहे. तू झोपलेला असताना मी कपाळाला हात लावला होता."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर माझी दोन्ही पोरं गेली असती."

भाकरी त्याच्या ताटात टाकली, गवती चहा ओतला. म्हणाली, "सण होऊ दे. मग डेल्विनचं जागरण घालू. लोकांना सांग."

घातलं. तुमच्यातले काही होते की तिथे, कॉफी वाटायला. मिस युलिन पहिल्या गाण्यालाच जी रडायला लागली ती पहाटेपर्यंत. त्यानंतर चार नंबरमध्ये किती पाहुणे झोपून गेले. एकाची तक्रार नाही.

संपलं म्हणतोस? थांब, कदीम. मी त्या शुक्रवारी सकाळी तिथे का गेलो, ते राहिलं.

मिस युलिननेच मला हाक मारून बोलावलं. ओरिनच्या हातून चहाचा कप पडला होता. त्याला मूठ मिटता येत नव्हती. मी त्याचे हात उलटे करून बघितले. दोन्ही तळव्यांत आडवी चीर, मांस दिसेल एवढी खोल. जड काहीतरी ओढताना ओला दोर हातातून निसटायला लागला, आणि तरी सोडला नाही, की पडते तशी. ताजी.

गुड फ्रायडे होता. त्या दिवशी आपल्याकडे कुणी होडी पाण्यात लोटत नाही. सगळ्या होड्या वाळूवर, कोरड्या. मी स्वतः जाऊन बघून आलो.

"कशाने झालं रे?" मी विचारलं.

त्याने तळव्यांकडे बघितलं. म्हणाला, "माहीत नाही. मी झोपलो होतो."

"दुखतंय?"

"नाही."

वर्ष झालं. परवाच्या रविवारी चर्चबाहेर भेटला, मी हात मिळवला. घरी येऊन बघतो तर माझ्या तळव्यावर रक्ताची आडवी रेघ.