बेबीनंदाच्या उशाशी

तीन दिवसांची झड त्या सकाळी थांबली, पण आभाळ काही उघडलं नाही. भादव्यातलं ते ओलं, कोंदट आभाळ दवाखान्याच्या पत्र्यावर नुसतं टेकून होतं. पूर्णेला पूर, जालन्याची वाट बंद, फोनही मुका. त्र्याण्णवचं साल असेल.

भिवामामा त्या दवाखान्याचा जुना शिपाई. फरशी पुसून चहा पीत बसला होता, तेवढ्यात शेजारच्या वाडीच्या सर्जेरावानं बायकोला, बेबीनंदाला, बैलगाडीतून आणलं. पहाटेपासून पोट दुखतंय, दोनदा उलटी झाली, एवढंच. मोठे डॉक्टर जालन्यात अडकलेले. होती ती शिकाऊ डॉक्टरीण, शिवकन्या. तिनं पोटाची गोळी दिली आणि बाईला बाकड्यावर बसवलं.

घटकाभरानं बेबीनंदाच्या पापण्या खाली आल्या. मग जीभ जड झाली. मग श्वास तुटायला लागला. शिवकन्येचा चेहरा उतरला. रात्री ही कुठं निजली होती, असं तिनं विचारलं. खाली, भुईवर, सर्जेराव म्हणाला. अंगावर डसल्याची खूण नव्हती. पण मण्यार डसली तर खूण दिसतेच असं नाही. माझं चुकलं, आधीच ओळखायला पाहिजे होतं, असं पोरीनं सगळ्यांदेखत कबूल केलं, आणि होती तेवढी सापाची लस सलाईनमधून सोडली. घशात नळी घातली, नळीला रबरी फुगा लावून तो भिवामामाच्या हातात दिला.

"दाबत राहा, मामा. थांबायचं नाही."

मामा दाबत राहिला. दाबला की छाती वर यायची, सोडला की खाली.

दुपारपर्यंत बेबीनंदाचं लाकूड झालं. डोळ्यांत बॅटरी मारली तरी बाहुली हलेना. बाहेर रडारड सुरू झाली. नर्स उषाबाई जवळ येऊन म्हणाल्या, "म्याडम... गेली ती. माणसं मढं मागून राह्यलीत."

शिवकन्येनं बेबीनंदाचं मनगट धरलं, बराच वेळ धरून ठेवलं.

"हे विष बाहुलीलाही निजवतं, सिस्टर. नाडी चालू आहे तोवर मी हिला मेली म्हणणार नाही."

मनगट तिनं सोडलं नाही.

तेवढ्यात खोली एकाएकी गार पडली. शिळ्या फुलांचा वास आला. भिवामामाचे हात जड झाले, कुणीतरी वरून धरल्यासारखे. सोडून द्यावं, असं लई वाटलं. पण मामा म्हणजे सावकाश माणूस. हा एक दाबू, मंग पाहू, असं म्हणत त्यानं पुढचा दाबला, आणि त्याच्या पुढचा.

पाळीपाळीनं सगळ्यांनी फुगा दाबला. तिसऱ्या दिवशी सकाळी बेबीनंदाचं बोट हललं.

आठव्या दिवशी ती खाटेवर बसून चहा पीत होती. डोळे मिटले होते तरी सगळं ऐकू येत होतं म्हणे. "मी मरून पडलेली, आन् ह्यांना काळजी, म्हशीची धार कोण काढंल," असं म्हणाली, तसा सर्जेराव लाजला आणि सगळा वॉर्ड हसला.

मामा ग्लास न्यायला आला, तेव्हा मात्र ती हळू बोलली.

"मामा... माझ्या उशाशी बसून व्हती ती बाई कोण? लई गोड बोलायची. तुम्हाला सारखी म्हणायची, सोडा आता, हात दुखले असतील... ही पोर येऊन राह्यली माझ्यासंगं, म्हणायची. तुम्ही तिला वळून बोलला न्हाईत, बरं केलं."

उषाबाई असतील, मामा म्हणाला. पण उषाबाई कुणाशीच गोड बोलत नसत. आणि खाटेची उशाकडची बाजू तर भिंतीला टेकलेली होती.

संध्याकाळी तो घराकडं निघाला. हात अजून ठणकत होते, पण पोर वाचली म्हणून जीव निवांत होता. गल्लीच्या तोंडाशी शेजारीण झुंबरबाई डाळ निवडत बसली होती. त्याला पाहून तिनं सूप खाली ठेवलं.

"भिवाभाऊ, पाव्हणी आलीय तुमच्याकडं. सकाळधरनं वट्यावर बसून हाय. बोलायला लई गोड. पाणी दिलं तर घेतलं न्हाई. म्हणली, येऊ द्या त्यांना सावकाश... मला कुठं घाई हाय."