चुंबक न धरणारं दार

जीपच्या क्लचखाली पत्र्याला पडलेलं भोक बोराएवढं होतं. कडा तपकिरी, पापुद्रे सुटलेल्या. त्यातून पळता रस्ता दिसे. आठवडाभर कुंदा ते रोज पाहत होती, आणि ते वाढत नाही अशी तिने स्वतःची समजूत घातली होती. १९७८च्या एप्रिलमध्ये एका सकाळी, पवनीच्या नाक्यापाशी, तिने क्लच दाबला आणि टाच पत्र्यातून आरपार गेली.

जीप धक्के खात एका डेंटिंगच्या शेडसमोर बंद पडली. चप्पल मागे रस्त्यावर राहिली होती. हातोडी घेतलेला एक तरुण शेडमधून आला, चप्पल उचलून झटकली आणि जीपखाली डोकावला.

"मास्तरीणबाई, या गाडीले ब्रेक नाही का? पायानंच थांबवता?"

"पाय निघून नाही राहिला," कुंदा शक्य तितक्या शांतपणे म्हणाली.

"हलू नका. ओढसान तं कापसान."

त्याने पकडीने एकेक कड बाहेर वळवली. शेवटी बोटं तिच्या घोट्याला लागली... आणि चटका बसावा तशी मागे गेली.

"लागलं?"

"नाही." खरं तर लागलं होतं.

ही जीप तिच्या वडिलांनी, भय्याजींनी, लष्कराच्या लिलावातून आणलेली. बांधांवरून, जंगलवाटांनी धानाची ओली पोती वाहून पत्रा सडला होता. भय्याजींचे गुडघे गेल्यावर त्यांनी मुलीलाच गाडी शिकवली. मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवणारी बाई जीप हाकते, हे बघायला पवनीत लोक अजून दारात येत.

त्या दिवशी त्या तरुणाने, हेमराजने, सडलेला भाग कापून काढला आणि नवा पत्रा जोडला. "पुट्टी भरून वरून रंग मारणारे बहुत हायेत," तो म्हणाला. "आपण सडलेलं आत ठेवत नाही." कुंदाला हे वाक्य फार आवडलं. माणूसही त्याच वाक्यासारखा असणार, असं ती धरून चालली.

पुढच्या एप्रिलला, मोहफुलांचा वास हवेत असताना, मडगार्डला गंज आला. त्याच्या पुढच्या वर्षी दाराला. ती शेडमधल्या स्टुलावर बसून राही, तो पत्रा ठोकत राही. गावात सगळे त्याला हेमराजभाऊ म्हणत. कुंदाने तो 'भाऊ' कधीच लावला नाही.

"मले हाक काहून नाही मारत तुम्ही?" त्याने एकदा विचारलंच.

"समोर तर बसली आहे. हाक कशाला?"

"तरी... नाव आठवते का, ते पाहून राहिलो."

"हेमराज," ती म्हणाली. हातोडी पत्रा सोडून त्याच्या अंगठ्यावर बसली, आणि दोघंही हसली.

दर उन्हाळ्यात भय्याजी विचारत, "नागपूरले एम.एस्सी.ले जातं का, बाई? मी आहो ना पाठीशी." ती म्हणे, पुढच्या वर्षी. तिला हेमराजच्या तोंडून एकच वाक्य ऐकायचं होतं. तो गाडी परत देताना म्हणे, "पुढच्या उन्हाळ्यात या." ती त्यालाच वचन समजे.

चौथ्या वर्षी ती प्रात्यक्षिकाच्या वर्गातून थेट शेडवर आली. पर्समध्ये शाळेचा नालाच्या आकाराचा चुंबक राहिला होता. बोलता बोलता तिने तो जीपच्या दाराला लावला. तो घसरून खाली पडला. तिने थोडा खाली लावला. पुन्हा पडला. बिजागरीला मात्र घट्ट चिकटला.

"हे दार गेल्या वर्षी केलं होतं ना?"

हेमराजने हातोडी ठेवली. "पुट्टी हाये."

"मडगार्ड?"

"तेबी." तो जमिनीकडे पाहत म्हणाला, "पक्कं केलं असतं, तं तुम्ही कायले आल्या असत्या इथं?"

क्षणभर तिला गोड वाटलं. हे तिलाच नंतर सर्वांत जास्त लागलं.

"मी सायकलनेही आली असती."

"मले कसं समजावं?"

"विचारून."

"भय्याजीच्या पोरीले? मी, पत्रा ठोकणारा? दरवर्षी ठरवत होतो... मंग वाटे, अजून एक वर्ष जाऊ दे."

तिने नखाने पुट्टीची कड उचकटली. तळहाताएवढी खपली निघून आली. आत ओल धरून राहिलेला पत्रा लाल भुगा झाला होता. गुडघे दुखतात म्हणून बाबा याच दाराला लटकून उतरत. गंजाला कोणाच्या मनाशी देणंघेणं नसतं. ओल आणि हवा मिळाली की तो पुढे जातो. या जीपमध्ये तो तीन वर्षं पुढे जात राहिला होता. ती जागची हलली नव्हती.

"आता विचारतो," हेमराज म्हणाला. त्याचा आवाज कापरा होता, आणि खरा होता. "कुंदा... माझ्यासंगं लग्न करसान?"

किती वेळा तिने हे वाक्य मनात ऐकलं होतं. ते अगदी तसंच आलं. तिचे डोळे भरले. तिने ते पुसले नाहीत. बोटांना गंज लागला होता.

"नाही," ती म्हणाली. "मी जूनमध्ये नागपूरले चालली. बाबांना आजच सांगते."