फुलीखालचा श्वास

हरिचंद कंपाउंडरनं हिंगोलीच्या भर बाजारात द्वारकाबाईला नाकातली फुली काढायला सांगितली, आणि दुसऱ्याच क्षणी त्याच्या पाठीत कुणाची तरी वहाण बसली.

"माझा नवरा मरायची वाट पाहून राहिला का रं?" द्वारकाबाई कडाडली.

चूक त्याचीच. हैदराबादच्या डॉक्टरांच्या हुकुमात लिहिलं होतं, 'नाकातला दागिना काढून माप घ्यावे', आणि हुकमाच्या ताबेदाराला अक्कल वापरायची सवय नसते. नवरा जिवंत असताना बाई फुली उतरवत नाही, हे औरंगाबादहून आलेल्या हरिचंदला ठाऊक नव्हतं असं नाही. अर्ध्या मिनिटानं काय बिघडतंय, एवढंच त्याला वाटलं होतं.

माप होतं नाकातल्या वाऱ्याचं. थंडगार, चकचकीत पत्रा नाकाखाली धरायचा आणि तोंड मिटून श्वास सोडायला लावायचा. पत्र्यावर वाफेचे दोन ठसे उमटत. ठसा मोठा तर वाट मोकळी, लहान तर आत काहीतरी अडतंय. आधी शंभर धडधाकट माणसं मोजायची आणि मग त्यांच्याशी जिनिंगमधल्या कामगारांची मापं ताडायची, असा डॉक्टरांचा बेत. अडतीस सालच्या त्या हिवाळ्यात पुरुष पुष्कळ मिळाले. बाई मात्र एकही नाही.

गर्दी पांगली. एक जण मागं राहिली.

"माझं नाक रिकामंच हाय, कंपाउंडरसाहेब," ती म्हणाली. "घ्या माप."

रूपा तिचं नाव. पंचविशीची. नवरा जिनिंगच्या कापसात खोकून खोकून दोन वर्षांपूर्वी गेला, आणि येत्या सोमवारपासून त्याच जिनिंगमध्ये ती कामाला लागणार होती.

हरिचंदनं पत्रा धरला. दोन ठसे उमटले. मोठे, अगदी सारखे, जुळ्या लेकरांसारखे.

"काय दिसून राहिलं?"

"फार छान नाक आहे."

"तारीफ करणारे तुमीच पहिले. सासू म्हणते, लई वर हाय."

मग दर बाजारी रूपा येऊ लागली. डॉक्टरांना पुन्हा माप हवंय, असं तो बेधडक खोटं सांगे.

"लई हट्टी हाय तुमचा डागदर!"

"हो ना... म्हणतो, तिलाच बोलाव."

ती हसली की पत्र्यावरचा ठसा फिसकटे.

"हसू नका, माप बिघडतं."

"मग हसवता काहून?"

पौषात डावा ठसा बोटभर घटला. हरिचंदनं पत्रा पुसून पुन्हा धरला. तेवढाच. माघात उजवाही घटला. तिच्या केसांत, भुवयांत कापसाचे तंतू अडकलेले असत.

"सर्दी झाली," ती म्हणाली. पण कारण दोघांनाही ठाऊक होतं. तिनं ते एकदा घरात पाहिलं होतं.

"काम सोडा," तो म्हणाला.

"अन् खाऊ काय? वारा?"

"माझ्याशी... माझ्याशी पाट लावाल?"

रूपानं पत्रा हातानं बाजूला सारला. "तुमाला बायको पायजे, का माप?"

"बायको," तो म्हणाला.

"पुढच्या बाजारी सांगते."

पुढच्या बाजारी ती आली, तेव्हा तिच्या नाकात फुली होती.

"सासूची हाय, सासरा गेल्यावर काढलेली. तिनंच घातली. म्हणाली, माझा लेक गेला, तू तरी जग."

हरिचंदला काय करावं सुचेना. आनंदानं वेडा झाला बिचारा, आणि सवयीनं हात पत्र्याकडे गेला.

"अं हं! आता फुली न्हाई निघायची. सोताच्याच जिवावर उठले का?"

बाजार हसला. सगळ्यांत मोठ्यानं द्वारकाबाई. हरिचंदही हसला... आणि हसता हसता थांबला. रूपाचं बोलणं संपलं होतं, तरी तिचे ओठ उघडेच होते. प्रत्येक श्वासाला खांदे वर जात होते. एका हातानं तिनं त्याच्या मापाच्या मेजाची कड घट्ट धरली होती.

त्याला कळलं, हे तिनं ओळखलं.

"नका ना मोजू," ती हळूच म्हणाली. "पत्रा हातात आला की तुमी माझ्याकडं पाहतच न्हाई. किती दिस ऱ्हायले, ते मला न्हाई पाहायचं. जेवढे हायेत तेवढे तुमच्या घरी काढायचे हायेत."

हरिचंद घाबरला होता, आणि इतका सुखी तो जन्मात कधी झाला नव्हता. त्यानं पत्रा कापडात गुंडाळून पेटीत टाकला. वहीत धडधाकटांच्या यादीत तिचं पहिलं माप होतं, मोठ्या, सारख्या दोन ठशांचं. पुढची सगळी त्यानं खोडली.

"चला," तो म्हणाला.

दोघं स्टेशनाकडे निघाली. दर दहा-बारा पावलांवर तिला दम लागे, आणि नेमका तेव्हाच त्याच्या वहाणेचा अंगठा निसटे. तो खाली बसे आणि तिचा श्वास परत येईपर्यंत तो अंगठा नीट करत राही.