सकुबाईने डोळे दिले त्या रात्री

मनस्वीला आटगाव स्टेशनावरून एका माणसाला घरी आणायचं होतं. एवढंच काम, असं म्हणून काळूरामआबांनी गोष्ट सुरू केली. अंगणात पोरं सरकून जवळ बसली.

"ही ऐकीव नाय रे. सकुबाई माझी सख्खी भाची. सकाळी तिच्या दारात मी उभा व्हतो."

दोन हजार पंचवीसची पौष अमावास्या. बुधवार, एकोणतीस जानेवारी. दुपारी तीनला सकुबाई गेली. तिने जिवंतपणीच नेत्रदानाचा फॉर्म भरला होता. तिच्या मुलीने, मनस्वीने, पंखा बंद केला, आईच्या डोळ्यांवर ओला कापूस ठेवला, डोक्याखाली दुसरी उशी सरकवली आणि स्कूटी काढली. नेत्रपेढीचा माणूस बर्फाचा डबा घेऊन पाचच्या गाडीने उतरला. सहा तासांच्या आत डोळे काढावे लागतात. घरी पोचल्यावर अर्ध्या तासात त्याचं काम झालं. पापण्या मिटवल्यावर सकुबाई नुसती झोपलेली दिसत होती.

तो गेला आणि चुलता देवजी पुढे आला.

"आंधळी करून पाठवलीस गो आयेला? आता ती चाचपडत फिरंल. कुनाच्याबी घरात शिरंल."

"तिला तिचं घर म्हाईत हाय, काका."

"दहाव्याला मुरबाडपर्यंतच्या भावकीतला एक मानूस यायचा नाय. आन गावात परत कोन डोळे देतो तेच बघतो मी."

"बघा की. तुमी डोळे असून आजवर बघितलंय काय?"

सात वाजता चिता पेटली. मेलेलं माणूस जिथे निजलं होतं तिथे त्या रात्री पीठ पसरतात, वर टोपली झाकतात. सकाळी पिठात काय उमटलं ते पाहतात. मनस्वीने टोपली बाजूला केली.

"साऱ्या घरात पसरा, काका. आये ठेचकाळली तर मी गावासमोर नाक घासते. नाय ठेचकाळली, तर तुमीबी नेत्रदानाच्या फॉर्मवर सही करायची."

"आबा, भुताशी पैज?" पोरांतल्या प्रणयने विचारलं.

"भुताशी नाय रे, चुलत्याशी. त्यापरास भूत बरं!"

देवजीने घरभर तांदळाचं पीठ पसरलं. मधोमध आडवा पाट ठेवला. काठोकाठ भरलेली कळशी ठेवली. वीतभर उंचीवर काळा दोरा ताणला. घराला एकच दार. त्याला कुलूप घालून किल्ली कमरेला खोचली आणि ओटीवर खाट टाकून आडवा झाला. मनस्वी दाराला पाठ लावून बसली.

बारा वाजले. काही नाही.

एक वाजला. देवजी घोरत होता.

पावणेदोन. घोरणं थांबलं.

आत... पाऊल.

मग काही नाही.

मग पाऊल.

"आये...?"

पाट वाजला नाही. कळशी हलली नाही. पावलं सावकाश दाराकडे आली. दाराच्या पलीकडे थांबली.

"काका... ऐकता ना?"

देवजीने घोंगडी डोक्यावरून ओढली. आत त्याचे दात वाजत होते.

 मनस्वीने तोंड दाराला लावलं.

"तू ये, आये. मी उठनार नाय हितनं."

...

...

उजाडलं. ओटीपुढे गाव जमलं. थंडी होती, देवजीने घोंगडी डोक्यावर तशीच ठेवून कुलूप काढलं.

पिठात पावलं होती. बायकी, अनवाणी. पाटाला वळसा घालून, कळशीच्या कडेने, ताणलेल्या दोऱ्याच्या अलीकडे एक आणि पलीकडे एक. दोरा तसाच. उंबऱ्यापर्यंत आलेली. परत गेलेली नव्हती.

 मनस्वीने फॉर्म पुढे केला.

देवजीने पेन घेतलं. घोंगडी मागे सारली. सही करायला नजर खाली केली...

त्याच्या दोन्ही पापण्यांवर पिठाचं एकेक बोट उमटलेलं होतं.