ओठाची साक्ष

दंत-लवादाच्या खोलीत शिपायाने चहा आणून ठेवला. तक्रारदार शिवशरण म्हेत्र्यांनी कप जपून तोंडाला लावला, तरी चहा उजवीकडून हनुवटीवर ओघळला. त्यांना ते कळलेच नाही. शेजारच्या युनूसने खूण केली तेव्हा त्यांनी उपरण्याने पुसले.

युनूस हा अनुभव-टोपीचा तंत्रज्ञ. टोप्या दोन: एक तक्रारदाराच्या डोक्यावर, दुसरी तपासणाऱ्याच्या. एकाला जे जाणवते, किंवा जाणवत नाही, ते दुसऱ्याच्या मेंदूत उतरते. बधिरपणा डोळ्यांना दिसत नाही आणि खोट्या तक्रारी वाढल्या, म्हणून लवादाने ही सोय केली होती. डॉक्टरने चूक मान्य केली तर टोपी लागत नसे. नाही केली, तर टोपीवाचून भरपाई नसे.

"सनई कधीपासून बंद आहे?" लवादाच्या नलावडे बाईंनी विचारले.

"दाढेच्या जागी स्क्रू बसवला तवापासनं. फुंकतोय मॅडम, पर सनईची पत्ती ओठात हाय का न्हाई, कळंना. मांडवात पोरं म्हनली, आप्पा, सनई वाजवतायसा का चूल फुंकतायसा?" ते हसले. "नस जोडायचं आपरेशन लौकर करा म्हंत्यात. उशीर झाला तर कायमचं गेलं."

तो स्क्रू बसवणारे डॉ. होटगीकर सावरून बसले. "मॅडम, ओठाची नस खालच्या जबड्यातून जाते. तिला इजा होऊ शकते. प्रत्येक इजा म्हणजे हलगर्जीपणा नव्हे."

"मान्य. पण नस किती खोल आहे हे बघायला आधी जबड्याचा स्कॅन काढतात. काढला होता?"

"साधा एक्स-रे होता. अनुभवावरून अंदाज येतो."

"ओठ बधिर होऊ शकतो, हे यांना सांगितलं होतं?"

डॉक्टरांनी टोप्यांकडे बोट दाखवले. "तो बधिर आहे हे तरी कशावरून? टोपी लावा."

"शंका तुमची. आधी तुम्हीच लावा."

युनूसने एक टोपी शिवशरणांच्या डोक्यावर चढवली आणि दुसरी घेऊन जवळ आला, तसा डॉक्टरांचा चेहरा उतरला. "काढल्यावर सगळं जाणवणं परत येतं ना? सगळ्यांचं?"

युनूसने बाईंकडे पाहिले. "बहुतेकांचं येतं, सर. मागच्या महिन्यात तपासणाऱ्या एका मॅडमचं नाही आलं. अजून नाही."

डॉक्टर मागे सरकले. खुर्ची भिंतीला टेकली. "मी नाही घालणार."

"मग मला घालावी लागेल." बाईंनी टोपी ओढून घेतली. त्यांची बोटे नकळत स्वतःच्या ओठांवरून फिरली. जणू ते जागेवर आहेत ना, हे बघत होती.

शिवशरण उठले आणि त्यांनी आपल्या डोक्यावरची टोपी काढून टेबलावर ठेवली. "नगा मॅडम. एकाचं गेलं, बास झालं."

"म्हेत्रे, भरपाई मिळणार नाही. ऑपरेशन होणार नाही. कळतंय ना?"

"कळतंय की. लई भ्या वाटतंय. पर तुमी घालताना बघायचं त्याहून जास्त वाटतंय."

भिंतीशी बसलेल्या डॉक्टरांचा हात स्वतःच्या खालच्या ओठावर गेला होता आणि तिथेच राहिला होता.

बाई त्यांच्याकडे वळल्या.

"डॉक्टर, यांचं काय गेलंय, हे कळायला तुम्हाला अजून टोपी लागते?"